रोजची एक मुद्दाम चूक

आमच्या थोरलीने शाळा सोडली तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि त्याच दिवशी तिच्याबरोबर तिच्या आईनेही शाळा सोडली. आई त्याच शाळेत गणित शिकवायची. रोज सकाळी फाटकापाशी पोचलं की थोरली ओकायची. डॉक्टर झाले, औषधं झाली, कुणी म्हणालं दूध बंद करा, कुणी म्हणालं दूध वाढवा. मग एके दिवशी फाटकासमोर पोरीचं तोंड पुसता पुसता बायकोच्या लक्षात आलं की आपल्यालाही इथं आल्यावर मळमळतंच, फक्त आपल्याला पगार मिळतो म्हणून आपण गिळतो. दोघी तशाच मागे फिरल्या.

मी तेव्हा दुकानात एका सोफ्याचं पोट फाडून आत कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आम्ही दोघी आजपासून घरी."

मी म्हटलं, "बरं. मग चहा टाक."

एवढ्या मोठ्या निर्णयावर घरच्या कर्त्या पुरुषाने केलेलं भाषण ते एवढंच. पुढे लोक विचारायचे, मुलींना घरीच शिकवायचं हे तुम्ही कसं ठरवलंत, त्यामागं तुमचा विचार काय. तेव्हा मी दाढी खाजवत स्वातंत्र्य, कुतूहल असं काहीबाही बोलायचो. विचार खरं तर चहाचा होता.

माझं म्हणाल तर मी खेड्यात वाढलेला माणूस. खुर्च्या विणतो, सोफे नव्याने भरून देतो. खाली दुकान, वर घर. माझं शिक्षण असं झालं की आमच्या मास्तरांची खुर्ची सारखी मोडायची आणि ती डोक्यावर घेऊन सुताराकडे पोचवायचं काम माझ्याकडे असायचं. खुर्ची सुताराकडे असेतोवर मीही सुताराकडेच. मास्तरांना खुर्ची परत मिळायची, मी काही फारसा मिळालो नाही. तेव्हा मुलींच्या शिक्षणावर मी काय बोलणार. ते खातं बायकोचं.

थोरलीच्या मागं धाकटी झाली. तिनं तर शाळेचं फाटक नुसतं बाहेरून पाहिलं. आणि या सगळ्यावर नजर ठेवून होती माझी ताई. ती फोन करायची.

"काय रे, पोरींना काय शोकेसमध्ये ठेवणार आहेस का?"

"नाही गं ताई. त्या शिकतायत."

"शिकतील रे. पण बाहेर पडल्यावर काय? बाहेर काय त्यांची आई असणारे का फळ्यापाशी उभी?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"बघशीलच. आम्ही पण बघू." आणि फोन ठेवायची. दर वेळी शेवट हाच. तिचं ते 'बघू' माझ्या कानात अडकून राहायचं.

बायकोची शिकवायची एक रीत होती. रोज शिकवताना ती एक चूक मुद्दाम करायची. कधी बेरजेत, कधी इतिहासात, कधी नकाशावर तिची नदी डोंगर चढून पलीकडे जायची. पोरींनी ती चूक पकडायची. पण सापडली तरी लगेच ओरडायचं नाही, कारण दुसरीचा विचार तुटतो. मनात धरून ठेवायची आणि संध्याकाळच्या चहाला सांगायची. जिला सापडली तिला एक बिस्कीट जास्त. बायकोचं म्हणणं, यानं पोरी डोळे उघडे ठेवून शिकतात, आणि मोठी माणसं बोलतात ते सगळं बरोबरच असतं असं त्यांच्या मनात बसत नाही. मला ही युक्ती एवढी आवडली की गिऱ्हाइकांना मी ती माझीच म्हणून सांगायचो.

थोरली त्यात तरबेज झाली. सकाळीच चूक सापडली की दिवसभर तिच्या गालात एक हसू दाबलेलं असायचं. हातात काम, चेहरा शहाण्यासारखा, आणि ओठाच्या कोपऱ्यात ते हसू. ते दिसलं की आम्ही समजायचो, सापडली हिला.

मुलगी तशी हाताची कसबी होती. मेणाची फुलं करायची, साबणाचे प्राणी कोरायची, माझ्या दुकानातल्या बारीक खिळ्यांवर माझ्यापेक्षा तिचा नेम पक्का. बोलायला मोकळी, इतकी मोकळी की दारात आलेल्या माणसाला ती बसवून त्याच्या गुडघ्याचं दुखणं विचारायची, मग तो वीज तोडायला आलेला का असेना. तिला भीती अशी कुणाची नव्हती. शाळेत न गेल्यानं मोठ्या माणसाला भ्यायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

अठरावं सरलं तसं बायकोनं एक दिवस मला वर बोलावून घेतलं. म्हणाली, "गणित, भाषा, विज्ञान माझ्याकडं होतं, ते मी केलं. आता तिला मोठेपणासाठी तयार करायचंय. ते तुम्ही घ्या."

"मी?"

"तुम्ही बाहेर असता ना."

मी बाहेर असतो म्हणजे जिना उतरून खाली असतो. पण बायकोनं मला शिकवायला सांगितलं यानंच माझी छाती फुगली. रोज दुपारी मी मोठेपणाचा तास घेऊ लागलो. फ्यूज बदलायला शिकवलं. त्यात आमच्या घरासकट शेजारचंही घर अंधारात गेलं. बँकेत एकटीनं जायला शिकवायचं म्हणून तिला आत पाठवलं आणि स्वतः खांबाआडून बघत राहिलो. पहारेकऱ्यानं माझी कॉलर धरली. म्हणाला, "किती वेळ बघतोय तुला, त्या पोरीवर डोळा ठेवून आहेस." थोरली आपलं काम उरकून बाहेर आली, म्हणाली, "ते माझे बाबा आहेत. माझ्यासाठी नाही, त्यांना स्वतःलाच जरा धीर लागतो." मग त्यानं मला सोडलं.

मग आली नोकरी. साहेबासमोर कसं वागायचं. आता मी जन्मात कुणाची नोकरी केलेली नाही. साहेब मला ठाऊक तो खुर्चीवरून. रेक्झिन कुठं घासलंय यावरून मी सांगू शकतो की हा साहेब पुढे रेलून ओरडतो की मागे टेकून झोपतो. याच्यापलीकडं माझं ज्ञान नाही. तरीपण मी मुलाखत घेतली. दुरुस्तीला आलेल्या एका मोठ्या खुर्चीत साहेब होऊन बसलो, चष्मा नाकावर घेतला, आवाज जाड केला.

"तुम्हाला या कामाचा अनुभव काय?"

थोरली उत्तर देणार तेवढ्यात मी खाली गेलो. बैठकीचे पट्टे मीच सकाळी कापून ठेवले होते आणि वर नुसतं कापड पांघरलेलं होतं. माझं बूड जमिनीला टेकलं, गुडघे कानाशी आले, चष्मा कपाळावर चढला. थोरलीची पापणीसुद्धा हलली नाही. तशीच ताठ उभी राहून म्हणाली, "साहेब, आणखी काही विचारायचंय?"

मी खुर्चीतून कसाबसा बाहेर निघालो. वर जाऊन बायकोला सांगितलं, "पोरगी तयार झाली. जग तिच्यासमोर कोसळलं तरी हलायची नाही."

त्याच जोमात मी तिला शेवटचा धडा दिला. "हे बघ, नव्या माणसानं पहिला महिना तोंड बंद ठेवायचं. मालकाची चूक दिसली तरी तोंडावर काढायची नाही. माणसं दुखावतात."

"किती बंद ठेवायचं, बाबा?"

"भिंतीइतकं."

"बरं," ती म्हणाली. ही पोरगी एखादी गोष्ट 'बरं' म्हणाली की ती अक्षर न अक्षर पाळते, हे मी ध्यानात घ्यायला हवं होतं.

काम तिनं स्वतःच शोधलं होतं. पेठेतल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ कवळ्या बनवतात. आम्ही त्यांना कवळीवालेच म्हणतो. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून हे प्लास्टरचा जबडा ओततात, त्यावर मेण, मेणात दात. ते मेणातलं सगळं डॉक्टर पेशंटच्या तोंडात घालून बघतात, बरं दिसलं की परत पाठवतात. मग साच्यात बंद करून मेण वितळवून काढायचं, त्या जागी गुलाबी हिरडीचा मसाला भरून शिजवायचा. एकदा शिजलं की दात पक्के. मग बदल करायचा तर फोडाफोडीच.

मी त्यांची स्टुलं दुरुस्त करायला गेलो होतो, थोरली बरोबर होती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या जबड्यांच्या रांगा. ती तिथं जी उभी राहिली ती हलेचना.

"काका, हे सगळे हसतायत का?"

"माप देताना कुणी हसत नाही, पोरी. तोंडात गारेगार लगदा भरलेला असतो." कवळीवाल्यांच्या स्वतःच्या तोंडात सगळे दात खरे. त्याची ते लाज बाळगून असतात. म्हणतात, धंद्याची जाहिरात होत नाही.

थोरलीनं तिथल्या तिथं मेणाचा एक तुकडा घेऊन सुळा कोरून दाखवला. कवळीवाल्यांनी तो उजेडाला धरला, फिरवून बघितला. मग म्हणाले, "महिनाभर ये. जमलं तर ठेवीन, नाहीतर नाही."

घरी येताना पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. तिला दुसरं कुठलंच काम नको होतं. हेच पाहिजे होतं, आणि ती तिथं टिकते का नाही यावर आमच्या घरातला सगळा जीव टांगून राहिला. तिचा टांगला कारण तिला ते काम हवं होतं. बायकोचा टांगला कारण इतक्या वर्षांची तिची शिकवणी पहिल्यांदा घराबाहेर गेली होती. माझा टांगला, खरं सांगायचं तर, ताईमुळं.

महिना भरत आला. थोरली रोज प्लास्टरनं पांढरी होऊन यायची, हातावर मेणाचे चटके, जेवता जेवता समोरच्याच्या दातांकडं बघायची. कवळीवाले तिला बरं म्हणत नव्हते, वाईटही म्हणत नव्हते. आम्ही रोज विचारायचो, "आज काय म्हणाले?" ती म्हणायची, "मेणाची सुरी पुसून ठेव म्हणाले."

आणि मग तो दिवस आला. पुढचं मी थोरलीकडून आणि कवळीवाल्यांकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलेलं जोडून सांगतो.

सकाळी एका डॉक्टरबाईंचा फोन आला. कवळीवाल्यांचे हात प्लास्टरमध्ये होते, म्हणून त्यांनी नाकाच्या शेंड्यानं बटण दाबून फोन स्पीकरवर घेतला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या आजींचं मेणातलं बघितलं. सगळं छान, फक्त वरचे पुढचे दात मोठे वाटतात. लहान साइजचे लावा आणि मग शिजवा. आणि आजच पाहिजे बरं का, परवा त्यांना मुलाकडं जायचंय, विमान आहे."

"हो हो, लावतो," कवळीवाले म्हणाले. तेवढ्यात दुसऱ्या दवाखान्यातून माणूस आला, मग प्लास्टर सांडलं, मग वीज गेली, मग आली. आणि या गडबडीत कवळीवाल्यांनी आजींची कवळी होती तशीच उचलली आणि साच्यात बंद केली.

थोरलीनं हे सगळं शेजारच्या टेबलावरून पाहिलं. आणि तिच्या गालात ते हसू आलं.

कारण तिला वाटलं, काकांनी आज तिच्यासाठी चूक केली. इतके दिवस काका नुसतं सुरी पुस, जबडा धू म्हणत होते. आज पहिल्यांदा त्यांनी तिला खरं शिकवायला घेतलं. आपण आता इथल्या झालो. मी तिला तोंड भिंतीइतकं बंद ठेवायला सांगितलंच होतं, आणि घरची रीत तर चहापर्यंत थांबायची. दोन्ही नियम एकच सांगत होते. पोरीनं आनंदानं दिवसभर काम केलं. मेण वितळलं, मसाला भरला गेला, कवळी शिजली, निवली, थोरलीनंच ती घासूनपुसून चकचकीत केली, मोठ्या दातांसकट. दुपार कलताना माणूस येऊन घेऊन गेला.

संध्याकाळी कवळीवाल्यांनी चहा मागवला. थोरलीनं कप हातात घेतला आणि म्हणाली, "काका, सापडली."

"काय सापडली?"

"आजची चूक. आजींचे पुढचे दात मोठेच राहिले."

कवळीवाल्यांचा कप तोंडापाशीच थांबला. आणि त्याच घडीला फोन वाजला. डॉक्टरबाईच होत्या, आणि स्पीकर लावायची गरज पडली नाही. आजी समोर बसल्यात, तोंड मिटत नाही, परवा विमान आहे, तुम्हाला एवढं सांगून काय उपयोग, इतकी वर्षं तुमच्याकडं काम देतेय ते याच्यासाठी का. कवळीवाले नुसतं "हो... हो..." म्हणत राहिले.

फोन ठेवून त्यांनी थोरलीकडं पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"सकाळपासून."

"आणि दिवसभर हसत बसलीस?"

"तुम्ही मुद्दाम केली होतीत ना?"

कवळीवाले म्हणतात, त्या क्षणी त्यांना कळेना की ही पोरगी आपली चेष्टा करतेय, की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यांनी चहा तसाच ठेवला. म्हणाले, "घरी जा. उद्या येऊ नकोस."

थोरली घरी आली ती हात न धुता बसली. लहानपणी फाटकापाशी व्हायचा तसा चेहरा झाला होता. तिनं सगळं सांगितलं. बायको ऐकता ऐकता खाली बसली.

"अगं, ते मुद्दाम कशाला करतील?" मी म्हटलं.

"आई करते."

"आई शिकवायला करते. बाकीच्यांच्या आपोआप होतात."

थोरलीनं मान वर केली. "सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. आधी नुसतंच, मग हळूहळू, एखाद्या खुर्चीचं कापड उचलून आतली भानगड बघावी तसं.

"बाबा, तुम्ही तो मोठा सोफा दुकानात बांधलात आणि तो दारातून बाहेरच जाईना. दाराची चौकट काढावी लागली."

"हं."

"आम्हाला वाटलं, आधी दार मोजावं हे शिकवायला केलंत. मी आणि धाकटीनं त्यावर निबंध लिहिला होता."

मी दाढी खाजवली.

"शेजारच्यांची वीज?"

"ती... तारेचा घोटाळा झाला होता."

"आणि मुलाखतीतली खुर्ची? मला वाटलं, मी घाबरते का बघताय."

बायकोनं तोंडाला पदर लावला. हसतेय की रडतेय, मी बघायचं टाळलं.

"म्हणजे बाबा, तुमच्या सगळ्या खऱ्याच?"

आता या प्रश्नाला बापानं काय उत्तर द्यावं? अठरा वर्षं ही पोरगी मला एक थोर, खोल, गूढ शिक्षक समजत होती. मी धडपडलो की तिला धडा दिसायचा. मी हातोडी बोटावर मारून घेतली की ती मनात नोंद करायची. आणि मला वाटायचं, पोरी माझा मान राखतात. "बऱ्याचशा," मी म्हटलं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू काढली नाहीस कधी."

"तुमच्या चुका सोप्या असायच्या," थोरली म्हणाली. "त्या आम्ही धाकटीसाठी सोडायचो."

धाकटी दारातून म्हणाली, "मला सगळ्या सापडायच्या." आणि आत पळाली.

मग थोरली उठून हात धुवायला गेली, आणि आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांवर खापर फोडायला मोकळे झालो. बायको म्हणाली, "तिला भिंतीइतकं गप्प बसायला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "चहापर्यंत थांबायला कुणी शिकवलं?" शेवटी एका गोष्टीवर आमचं एकमत झालं, आणि आमचं एकमत होतं तिथं घोटाळा ठरलेला असतो. ठरलं असं, की सकाळी उठून दोघांनी कवळीवाल्यांकडं जायचं आणि त्यांना नीट समजावून सांगायचं.

सकाळी थोरली घरात नव्हती. धाकटी म्हणाली, फिरायला गेली असेल. बरंच झालं म्हणत आम्ही निघालो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत आपण पालकसभेला म्हणून कधी गेलो नाही." मी म्हटलं, "चल, आज राहिलेली सगळी करून टाकू."

वरच्या मजल्यावर, त्यांच्या लॅबच्या दारात चपला काढून आतल्या रबरी सपाता घालाव्या लागतात, धूळ नको म्हणून. त्या घालून आम्ही आत गेलो. कवळीवाले एकटेच बसले होते, घासायचं चाक घरघरत होतं. त्यांनी हातानंच स्टुलं दाखवली. आम्ही उभेच राहिलो, खिडकीपाशी, पोरांसारखे हात पुढे बांधून.

बायकोनं सुरुवात केली. मुद्दाम चूक करण्यामागचा हेतू, त्यानं मुलांच्या डोळ्याला लागणारं वळण, विचार करायची सवय. छान बोलली, फळ्यापाशी बोलावी तशी. मग मी बोललो. नव्या माणसानं गप्प राहावं ही माझी शिकवण, त्यामागचा जगाचा अनुभव, वगैरे. कवळीवाले चाक न थांबवता ऐकत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "ती चूक तिची नाही. तुम्हा दोघांची."

"तसं म्हटलं तर हो."

"मग काढायला पाहिजे तुम्हा दोघांना. पण तुम्ही माझ्याकडं कामाला कुठं आहात? आता मी काय करू?"

 बायको म्हणाली, "तिला एकदा संधी—"

"बाई, चूक मी केली. विसरलो मी. माझा राग तो नाही. पोरगी बघत राहिली आणि बोलली नाही, याचा राग आहे. दोन माणसं एका टेबलावर कशासाठी बसवायची मग? एकाचं चुकलं तर दुसऱ्यानं धरावं म्हणून ना? उद्या पुन्हा हिला वाटलं की मी मुद्दाम करतोय, तर मी कुणाकुणाच्या तोंडात काय काय घालीन?"

हे बोलणं इतकं बरोबर होतं की मी मान डोलवत राहिलो. बायकोनं कोपर मारलं तेव्हा थांबलो.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि थोरली आत आली. हातात दवाखान्याची डबी. आम्हाला बघून ती जागीच थबकली.

"तुम्ही इथं काय करताय?"

"आम्ही सहजच," मी म्हटलं. इस्त्रीचा शर्ट घालून, कवळीच्या लॅबमध्ये, सकाळी सकाळी, सहज.

तिनं आमच्याकडं दुर्लक्ष केलं आणि डबी कवळीवाल्यांसमोर ठेवली. "काका, आजींची कवळी. मी दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसले होते."

कवळीवाल्यांनी चाकावरून नजर उचलली. "डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

"आधी रागावल्या. मग आजी आल्या. त्यांची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, रात्री आरशात बघितलं तर माझा मेलेला दीर माझ्याकडं बघत होता. त्याच्याबद्दल मला आधीच काही प्रेम नव्हतं."

कवळीवाल्यांच्या मिशीला काहीतरी झालं, पण ते हसले नाहीत. "आणि चूक कुणाची म्हणालीस?"

"मी म्हणाले, आमच्याकडून झाली."

"आमच्याकडून म्हणजे?"

"तुम्ही विसरलात, मी बोलले नाही. त्यांना काय करायचंय त्यातलं कुणाचं किती. त्यांना संध्याकाळपर्यंत दात पाहिजेत." मग म्हणाली, "काका, मला खरंच वाटत होतं, मोठ्या माणसांना आपली चूक कळत असते."

"कळत असती तर केली असती का?"

"नाही."

"मग बघितलीस की तिथल्या तिथं बोलायची. चहा-बिहा नाही. मी रागावलो तरी बोलायची. रागावणार मी, माझा स्वभाव आहे."

"बरं," थोरली म्हणाली. आणि पुढच्या श्वासात, "काका, तुम्ही ते चाक चालूच ठेवलंय मघापासून. काही घासत नाही आहात."

कवळीवाल्यांनी चाकाकडं पाहिलं. कपाळाला आठी पडली. बटण बंद केलं. मग त्यांनी डबी उघडली, कवळी बाहेर काढून वळवून वळवून बघितली आणि तिच्यासमोर सरकवली.

"एप्रन घाल. पुढचे दात तू काढ, हिरडीला धक्का न लावता. लहान साइज मी देतो."

थोरली एप्रनची नाडी बांधत टेबलाशी आली, बारीक करवत उचलली, कवळीवर वाकली आणि थांबली. वर न बघता म्हणाली, "आई, बाबा, तुम्ही खिडकीत उभे आहात. उजेड अडतोय."

आम्ही बाजूला झालो. बाजूला झालो ते जबड्यांच्या फळीला लागलो. तिथूनही हललो. त्या खोलीत आम्ही जिथं उभे राहू तिथं कशाच्या ना कशाच्या मध्येच येत होतो. कवळीवाले नुसते आमच्याकडं बघत राहिले, संपलेल्या मुलाखतीतल्या साहेबासारखे. तेव्हा कुठं मला कळलं की आता निघायचं असतं.

जिना उतरून रस्त्याला लागलो. बायको म्हणाली, "तुम्ही फार बोललात."

"मी? तू तर नुसती शिकवतच होतीस."

"ठेवलं म्हणायचं का तिला?"

"एप्रन घाल म्हणाले की."

"पण ठेवली असं म्हणाले नाहीत."

असं वाद घालत घालत आम्ही दोन गल्ल्या पार केल्या. मग मला वाटलं, आपलं चालणं आज जरा फटक फटक का वाजतंय. खाली बघितलं. माझ्या पायात लॅबच्या रबरी सपाता होत्या. बायकोच्याही पायात होत्या. आमच्या चपला वर दारातच राहिल्या होत्या.

"जा, घेऊन या," बायको म्हणाली.

"तू जा. तू बोलायला चांगली आहेस."

बायकोनं वळून त्या इमारतीच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग घराकडं चालू लागली. मीही तिच्या मागून. ओळखीच्या दोघा-तिघांनी पायाकडं बघितलं. मी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं काही हे मुद्दामच आहे.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "पोरीचा महिना झाला ना? ठेवली का?"

मी म्हटलं, "ती अजून यायचीय."

"अजून?"

"काम आहे तिथं. थांबवलंय."

ताईनं घसा खाकरला. मग म्हणाली, "बरं, माझी पण खालची कवळी हलते. विचारून ठेव." आणि फोन ठेवला. 'बघू' म्हणाली नाही.

अंधार पडायच्या सुमारास थोरली आली. पांढरी झालेली, बोटाला पट्टी. एका पिशवीत माझ्या चपला, एका पिशवीत आईच्या. त्या तिनं दारात ठेवल्या आणि आमच्या पायाजवळच्या सपाता उचलून पिशवीत घातल्या, उद्या परत न्यायला. धाकटीनं विचारलं, "आजींचे दात?"

"गेले. लहान लावून," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.